विश्वास कमी पडला म्हणून माणूस बरा होत नाही, असं खरंच असतं का? प्रार्थनेबद्दल विचारायचंय

नगरची_सून

सलाम सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे मिस्टर ४७ वर्षांचे, वर्कशॉपला मेकॅनिक. शुगर बारा-तेरा वर्षांपासून होती आणि मागच्या दिवाळीत दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं, तेव्हापासून डायलिसिस (मशीनने रक्त साफ करणं) चालू आहे, मंगळवार गुरुवार शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. डाव्या हातात फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया घालता याव्यात म्हणून रक्तवाहिन्या जोडल्यात. चर्चमध्ये पंधरा वर्षं पेटी वाजवायचे, आता तीही बंद केली, हाताला काही होईल म्हणून घाबरतात.

झालं असं की फेब्रुवारीत नात्यातल्या एकांनी आम्हाला चंगाई सभेला (प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेला) नेलं, मोठा मांडव, तीन दिवसांची उपासप्रार्थना. तिथल्या प्रचारकांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की प्रभूने नवीन किडन्या दिल्या, आता मशीनवर जाणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं. ह्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला नाही म्हणवलं नाही, खोटं कशाला बोलू, मलाही ते खरं वाटावं असंच वाटत होतं. गुरुवारची डायलिसिसची सिटिंग चुकवली. शुक्रवारी रात्री दोनला श्वास लागला, आडवं होता येईना, खिडकीचे गज धरून उभे होते आणि मला म्हणत होते की तू प्रार्थना कर, थांबू नको. मी प्रार्थना करत होते आणि एका हाताने अँब्युलन्सला फोन लावत होते. तीन दिवस आयसीयूत काढले, वाचले.

नंतर तेच लोक भेटायला आले तर म्हणाले घरात कुठेतरी पाप लपलेलं आहे, बाईचा विश्वास डळमळला, म्हणून दिलेला आशीर्वाद परत गेला.

तेव्हापासून मला प्रार्थना करवत नाही. रात्री आम्ही दोघं प्रभूची प्रार्थना म्हणतो, लहानपणापासून पाठ आहे, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो इथे आले की घसा बंद होतो, पुढे जाताच येत नाही. मला एवढंच विचारायचंय की माझ्या फोनमुळे खरंच काही बिघडलं का? आणि आजारी माणसासाठी प्रार्थना करायची तर नक्की काय मागायचं? बरं कर म्हणू की धीर दे म्हणू की काहीच मागू नको?

---

निवृत्त_सिस्टर

ताई, आधी एक सांगते बाकीचं नंतर. सिटिंग चुकवायची नाही. कोणीही सांगो, पाळक सांगो, बिशप सांगो, स्वप्नात कोणी येऊन सांगो. किडनी बंद आहे म्हणजे पाणी आणि पोटॅशियम शरीराबाहेर जायला मशीनशिवाय रस्ताच नाही. पाणी फुफ्फुसात चढतं तेव्हा माणसाला आडवं होता येत नाही, तुम्ही जे गज धरून उभे होते लिहिलंय ते वाचूनच मला कळलं काय झालं असेल. पोटॅशियम वाढलं तर कधी कधी तेवढीही सूचना मिळत नाही, हृदय एकदम थांबू शकतं. तुम्ही फोन केला म्हणून आज ते आहेत, ह्यात मला कणभर शंका नाही.

आणि शुगरच्या माणसाने डॉक्टरांना न विचारता उपास धरायचा नाही, इन्सुलिन चालू असेल तर अजिबातच नाही. सभेत प्रार्थना केलेलं पाणी बाटलीत भरून देतात, ते भक्तीने प्यायचं असेल तर घोटभर प्या पण दिवसाला जेवढं पाणी घ्यायला सांगितलंय त्यात मोजून. शहाळं, केळी, टोमॅटो ह्यांचं प्रमाण तुम्हाला सांगितलं असेलच.

मी मिशन हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंग केलेली बाई आहे, छत्तीस वर्षं नोकरी केली. आमच्याकडे ऑपरेशन टेबलवर पेशंटला भूल द्यायच्या आधी डॉक्टर डोळे मिटून प्रार्थना करायचे, मराठीत, पेशंटला ऐकू जाईल अशी, आणि आमेन म्हटलं की लगेच हात पुढे करायचे ग्लोव्हजसाठी. मला कधी त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्याच नाहीत. मिरजेला डॉक्टर वॉनलेस ह्यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं ते प्रार्थनेवर विश्वास होता म्हणूनच ना? आणि तुम्हाला माहीत आहे का, भारतात किडनी बदलायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन कुठे झालं? १९७१ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. प्रार्थना करणाऱ्या लोकांनी बांधलेल्या हॉस्पिटलात. मशीनवर जाणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

ट्रान्सप्लांटसाठी नाव नोंदवलंय का? पुण्याच्या झोनल ट्रान्सप्लांट सेंटरच्या यादीत हॉस्पिटलमार्फत नाव जातं, डायलिसिस युनिटच्या सोशल वर्करला विचारा, लाजू नका.

आणि पेटीचं. फिस्टुल्याच्या हातावर बीपी घ्यायचं नाही, डायलिसिस सोडून दुसरी सुई टोचू द्यायची नाही, वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. पण हात हलवायला बंदी नसते, उलट बॉल दाबायला आपणच सांगतो. भाता ओढायला काय हरकत आहे ते पुढच्या सिटिंगला डॉक्टरांना विचारून घ्या, मला वाटतं ते हो म्हणतील.

---

भिंगारचे_काका

बेटा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे जबाबदारी सांभाळणारा ज्येष्ठ सभासद, म्हणून बावीस वर्षं काम केलंय, आजाऱ्यांच्या भेटीला जायचं काम बहुतेक माझ्याकडेच असायचं, त्या अधिकाराने लिहितोय.

आजाऱ्यांसाठी प्रार्थनेचा सगळ्यात स्पष्ट उतारा म्हणजे याकोबाचं पत्र पाचवा अध्याय, चौदावी ओवी. तिथे काय आहे नीट बघ. तुमच्यात कोणी दुखणाइत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे कोण कोणाकडे जातंय? वडील घरी येतात. दुखणाइत माणूस मांडवात रांगेत उभा राहत नाही. आणि पुढच्या ओवीत विश्वासाची प्रार्थना म्हटलंय ती कोणी केलेली? वडिलांनी. मग विश्वास कमी पडला असा हिशोबच मांडायचा असेल तर तो आधी हात ठेवणाऱ्याच्या नावावर पडतो, खाटेवरच्या माणसाच्या नाही आणि त्याच्या बायकोच्या तर नाहीच नाही. कफर्णहुमात चार जणांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उकलून खाली सोडलं तेव्हा मार्काने काय लिहिलं, येशूने त्यांचा विश्वास पाहून. त्यांचा. खाली पडलेला माणूस एक शब्दही बोललेला नाहीये. रात्री दोनला अँब्युलन्सला फोन लावणारी बाई आणि ते छप्पर उकलणारे चौघं, मला तर ह्यात फरक दिसत नाही.

पापाचं म्हणशील तर योहानाचा नववा अध्याय काढ. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं, आणि प्रभूने दोन्ही नाही म्हटलं. दोन हजार वर्षं झाली ह्याला आणि अजून लोक आजाऱ्याच्या उशाशी बसून तेच विचारतात, मला ह्याचा फार राग येतो.

प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलंसं दुखणं, काढ म्हणून तीनदा प्रभूला विनवलं, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर मिळालं. तोच पौल आपला सोबती तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, दुसरा सोबती त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात सोडून पुढे जातो, आणि बरोबर लूक नावाचा वैद्य असतो. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का?

आपल्या इथलंच बघ. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन (विश्वासाची मोठी जागृती) झालं त्याची साक्ष आजही लोक देतात, मुली रात्र रात्र प्रार्थनेत असायच्या. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधीच गेली. त्या माउलीने लेकीसाठी प्रार्थना केली नसेल? बायबलच्या भाषांतराचं काम त्या शेवटपर्यंत करत राहिल्या आणि पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. केडगावात जाऊन कोणी म्हणावं की रमाबाईंच्या घरात पाप होतं.

आता तुझा घसा बंद होतो त्याबद्दल. ती ओळ म्हणायला येशूलाही सोपी गेली नाही बेटा. गेथशेमाने बागेत आधी त्याने सरळ मागितलं की हा प्याला माझ्यापासून दूर कर. आधी मागितलं, मग तुझ्या इच्छेप्रमाणे. तेही एकदा म्हणून झालं नाही, परत परत जाऊन तेच शब्द बोलला, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. तू बरं कर म्हण. हक्काने म्हण. धीर दे हेही म्हण. लेकराने बापाकडे काय मागायचं ह्याची यादी करून जायचं नसतं.

---

पिंपरीचा_साक्षी

प्रेज द लॉर्ड ताई. मी चंगाईवर विश्वास ठेवणाऱ्या मंडळीतला आहे म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण वरचं वाचून कोणाला वाटेल की आमच्या सगळ्या सभा अशाच असतात.

मी अकरा वर्षं दारूत होतो. घर, नोकरी, बायको सगळं जायच्या बेतात. एका घरसभेत, आठ-दहाच माणसं होती, चटईवर बसलेली, एका म्हाताऱ्या आजीने माझा हात धरून प्रार्थना केली, काही मोठे शब्द नाहीत, ती नुसती रडत होती माझ्यासाठी. त्या रात्रीनंतर मी प्यायलो नाही, नऊ वर्षं झाली. ही चंगाईच आहे, मला कोणी दुसरं काही सांगू नये. प्रभू आजही बरं करतो.

पण दारू सुटली तेव्हाच मला टीबी निघाला होता. आणि आमचे पास्टर स्वतः मला बाईकवर बसवून सेंटरला न्यायचे, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून घेतला, एक गोळी चुकू दिली नाही. म्हणायचे, प्रभूने तुला दारूतून एका रात्रीत काढलं आणि टीबीतून सहा महिन्यांत काढतोय, कुठल्या रस्त्याने न्यायचं ते तो ठरवेल, आपण गाडीतून उडी मारायची नाही. म्हणून गोळ्या बंद करा, मशीन बंद करा सांगणारा माणूस कोणत्याही मंडळीचा असो, चूक आहे. त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागतो, माझा काही संबंध नसला तरी.

एका बाबतीत काकांशी माझं जमत नाही. पौलाचा काटा सगळे लगेच पुढे करतात आणि मग मागणंच सोडून देतात. बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेला, अडतीस वर्षं आजारी असलेला आणि शेवटी येशूने बरा केलेला माणूसही बायबलातच आहे ना. तुम्ही मागणं सोडू नका.

---

भिंगारचे_काका

साक्षी भाऊ, तुमचं म्हणणं मान्य, मीही मागच म्हणालोय तिला. आणि तुमच्या पास्टरांना माझा सलाम सांगा.

---

बावखलकाठ

मी वसईचा, कॅथलिक. आमची पद्धत वेगळी आहे तरी लिहितो.

पप्पांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. आम्ही सगळं केलं. घरी रोज संध्याकाळी रोजरी (जपमाळेची प्रार्थना), माहीमच्या चर्चला बुधवारचा नोव्हेना (मारियामातेची प्रार्थना), सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जाऊन मेणाचा माणूस वाहिला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, तिथे चर्चच्या रस्त्याला मेणाचे हात, पाय, डोकं, बाळ, घर असं सगळं विकायला असतं, ज्याचं जे दुखणं त्याने ते घ्यायचं. गळा वेगळा मिळत नाही म्हणून आईने अख्खा माणूस घेतला. तो मेणाचा माणूस तिने पदराखाली धरला होता, रांग मोठी, ऊन होतं, आणि वर पोचेपर्यंत तो तिच्या अंगाच्या उष्णतेने थोडा वाकला होता. तिने तो वाहायच्या आधी बोटांनी सरळ केला. मला ते अजून डोळ्यासमोर दिसतं.

पप्पा त्याच डिसेंबरात गेले.

तर मग प्रार्थनेने काय झालं असं मला पुष्कळांनी विचारलं, मी स्वतःलाही विचारलं. मला जे दिसलं ते सांगतो. फादर घरी येऊन पप्पांना तेल लावून गेले तेव्हा पप्पा आधी घाबरले, कारण जुन्या लोकांच्या डोक्यात ते तेल म्हणजे शेवटचं, आता संपलं. फादरांनी समजावलं की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर) चर्चने हे स्पष्ट केलंय, हा संस्कार फक्त मरणाऱ्याचा नाही, गंभीर आजारी असलेल्या कोणाचाही आहे, परत परत घेता येतो. त्यानंतर पप्पांनी माझ्या काकांना बोलावणं पाठवलं. जमिनीच्या बांधावरून चौदा वर्षं बोलणं बंद होतं. काका आले, दाराशी उभे राहिले, पप्पांना बोलता येत नव्हतं, त्यांनी नुसता खुर्चीकडे हात केला. काका रोज यायला लागले, शेवटच्या महिन्यात पप्पांची दाढी तेच करायचे. कॅन्सर होता तिथेच होता. पण आमच्या घरातलं एक जुनं दुखणं बरं झालं, ते मी पाहिलं.

तुम्हाला प्रार्थना करवत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. बाकीच्या बहुतेक स्तोत्रांत रडगाणं असलं तरी शेवटी स्तुती येते, ह्यात येत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. मी ते पप्पांच्या खोलीबाहेर पायरीवर बसून वाचायचो, तेवढंच जमायचं.

---

बेंच_नंबर_तीन

थोडं वेगळं. मी फार्मा रिसर्चमध्ये आहे आणि ख्रिस्तीही आहे. प्रार्थनेने रोग बरा होतो का ह्यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ मध्ये छापून आला, हर्बर्ट बेन्सन ह्यांच्या टीमचा. हृदयाच्या बायपासचे १८०२ पेशंट, सहा हॉस्पिटलं. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, एका गटासाठी नाही, आणि ह्या दोन्ही गटांना आपल्यासाठी चाललीय की नाही हे माहीत नव्हतं. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच आलं, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटाला पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चाललीय, त्यांच्यात ५९ टक्के निघालं, म्हणजे जास्त. कशामुळे हे सिद्ध झालं नाही, पण तेव्हा एक अंदाज असा मांडला गेला की माणसावर दडपण आलं असेल, मी इतका आजारी आहे का की प्रार्थनेला लोक बसवलेत.

मी हे वाचून कॉलेजात असताना हादरलो होतो. आता मला वाटतं की प्रार्थना गोळीसारखी एवढे मिलिग्रॅम, एवढ्या लोकांनी, अशी मोजायला घेतली तिथेच काहीतरी चुकलं, कारण ते अनोळखी लोक पेशंटचं नुसतं पहिलं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर वाचून प्रार्थना करत होते, त्याच्या उशाशी कोणी नव्हतं. आजीने हात धरून रडणं आणि हे सारखं कसं असेल. पण तिसऱ्या गटाचा आकडा मात्र मी विसरत नाही. ताई, तुमच्या मिस्टरांवर सगळ्यांसमोर बरं झाल्याचं दाखवायचं ओझं टाकलं गेलं. ते ओझं उतरवणं हेही उपचारच आहेत. त्यांना कोणी विचारलंय का की तुम्हाला स्वतःला काय मागावंसं वाटतं?

---

नगरची_सून

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन आठवडे लागले लिहायला, मधे ह्यांना ताप होता.

काका, तुमचं लिहिलेलं मी ह्यांना वाचून दाखवलं. चार मित्रांचं ऐकून हे म्हणाले की मग छप्पर दुरुस्त कोणी करून दिलं असेल, आणि हसले, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. आमच्या पाळकसाहेबांना मी फोन केला, सगळं खरं सांगितलं, सभेला गेलो होतो तेही. मला वाटलं रागावतील. ते आणि मंडळीतले दोन वडील रविवारी संध्याकाळी घरी आले, कपाळाला तेल लावलं, पंधरा मिनिटंच प्रार्थना केली, आणि जाताना त्यातले एक वडील म्हणाले की शनिवारी मी रिक्षा घेऊन येत जाईन, तू एक दिवस घरी झोप. शनिवारी मी चार तास झोपले. कधी झोपले होते अशी, आठवत नाही.

बेंच दादा, तुम्ही म्हणालात ते मी ह्यांना विचारलं. मला वाटलं म्हणतील बरं व्हायचंय. तर म्हणाले की मला पोटभर पाणी प्यायचंय, तांब्याने, आणि पोरीची दहावी बघायचीय. आता आम्ही तेच मागतो, ह्याच शब्दांत.

सिस्टर, नाव नोंदवायचे कागद हॉस्पिटलने दिलेत, माझी किडनी देता येईल का म्हणून माझ्याही टेस्ट चालू आहेत, रक्तगट जुळतोय. डॉक्टर पेटीला हो म्हणाले. मागच्या रविवारी एकच गीत वाजवलं, दुसऱ्या कडव्याला दमले, मग शेजारच्या मुलाने भाता धरला आणि ह्यांनी नुसती बोटं चालवली.

एक माझी सवय सांगते. सकाळी उठल्यावर फिस्टुल्यावर हात ठेवून बघायचं असतं की चालू आहे का, आत घूं घूं लागलं पाहिजे, मधमाशी धरल्यासारखं. आधी मी घाईत बघायचे. आता तिथे बोटं ठेवली की जरा थांबते, ती घूं घूं लागली की थँक्यू प्रभू एवढंच म्हणते. सध्या माझी स्वतःची म्हणावी अशी प्रार्थना तेवढीच आहे. रात्रीची प्रभूची प्रार्थना अजून पूर्ण होत नाही. त्या ओळीला आले की मी गप्प होते, तेवढी ओळ हे म्हणतात, आणि मग रोजची भाकरी आज आम्हाला दे इथपासून मी परत त्यांना धरते.

उद्या मंगळवार, सातची सिटिंग आहे, पहाटे डबा करायचाय. परत लिहीन.